आभारप्रदर्शन

सभेत आभार मानण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. अध्यक्षस्थान धनिकांस शोभते, प्रास्ताविक हा चिटणीसांचा हक्क. प्राध्यापकास बोलण्याची सवय असते आणि त्याच्या बोलण्याने कोणाचे काही बिघडत नाही, असा लौकिक असल्यामुळे आभार तेवढे त्याच्या वाट्यास उरतात. काही वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका गावी, आम्ही ज्या सेवामंडळाचे सभासद होतो तेथे ही कामगिरी बजावताना आम्हांस जो धडा मिळाला, तो सांगण्याकरिता हा लेखनप्रपंच.

मंडळ रोटरीच्या धर्तीचे. दोन-चार डॉक्टर, तितकेच वकील, कापसाचे व्यापारी, एक औषधविक्रेते आणि आमच्यासारखे शिक्षकी पेशाचे काही जीव. पंधरवड्यास एकदा जमावे, पाहुण्याचे भाषण ऐकावे, नेत्रतपासणीचे शिबिर किंवा वह्यावाटप ठरवावे आणि चहाफराळ करून घरोघर जावे, असा क्रम. त्या सायंकाळी पाहुणे होते खुद्द गावचे नगराध्यक्ष, आणि विषय होता ‘आपल्या गावाचा विकास’.

दिवस उन्हाळ्याचे होते. नळास पाणी कितव्या दिवशी येणार, हा हिशेब घरोघरच्या स्त्रिया एकादशी-चतुर्थीप्रमाणे तोंडपाठ ठेवीत. मध्यरात्री गल्लीत कोणी ‘नळ आला’ म्हणून हाळी दिली, की हंडे, कळश्या, बादल्या आणि शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवण्याची धांदल उडे. आम्ही सभेस निघालो तेव्हा आमच्या कुटुंबाने दारातच बजावले, “अहो, आज नगराध्यक्ष येताहेत ना? मग पाण्याचं तेवढं विचाराच.” आम्हीही प्रश्न नीट कागदावर उतरवून खिशात ठेवला होता. प्रश्न चांगला होता, त्यात एकही व्याकरणदोष नव्हता!

भाषण झाले. रस्ते झाले, दिवे झाले, बगीचा व्हावयाचा होता. टाळ्या पडल्या. “कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे,” असे अध्यक्षांनी सांगितले, आणि सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर स्पष्ट ऐकू यावी. आम्ही भोवती पाहिले. एकाचा बांधकामाचा नकाशा मंजुरीसाठी पडलेला, दुसऱ्याची कराची हरकत सुनावणीस लागलेली. त्यांचे मौन आम्हांस समजले. परंतु आमचे काय? आमचा नगरपरिषदेशी कसलाच व्यवहार अडलेला नव्हता. आम्हांस अडविले ते निव्वळ भिडेने. ज्यांच्या खांद्यावर आताच शाल घातली त्यांना नळाबद्दल विचारणे म्हणजे पंगतीत बसलेल्या पाहुण्यास उसन्या पैशांची आठवण देण्यासारखे वाटले. हात खिशापर्यंत गेला आणि रुमाल घेऊन परत आला.

मग आम्ही आभार मानले. पाहुण्यांची दूरदृष्टी, कार्यतत्परता आणि अमूल्य वेळ यांचा यथास्थित गौरव केला. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच जिल्ह्यात, खामगाव-जळगाव जामोद येथे, वकिली करीत. ते त्या सभेत असते, तर त्यांच्या बंडूनानांस आणि पांडूतात्यांस आमच्या रूपाने तिसरा सोबती मिळाला असता!

पण खरी गंमत पुढेच झाली. आभार संपल्यावर कोणी बोलू नये असा शिरस्ता असता नगराध्यक्ष पुन्हा उठले. ते शांतपणे म्हणाले, की वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन नगरपरिषदेच्या दारात येतात, तोंडास येईल ते बोलतात. त्या रात्री आपणांस झोप लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी टँकर प्रथम त्यांच्याकडे जातो. तुम्ही मंडळी शाल देता. ती घेऊन घरी गेले, की गावाचे सर्व काही ठीक चालले आहे असे वाटू लागते. अंदाजपत्रकाच्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर तुमच्यापैकी कोणी बसलेले आपण अद्याप पाहिले नाही. इतके बोलून त्यांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले.

आम्ही मुलांस राज्यशास्त्राचे पाठ देत आलो. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा कारभार अधिक चोख होईल म्हणून नव्हे, तर लोकांस राजकीय शिक्षण मिळेल म्हणून या संस्था हव्यात असे त्याने मांडले, हे आम्ही दरवर्षी सांगतो. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनपासून अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय नोंदले गेले, त्यांत पाणीपुरवठाही आहे, हेही सांगतो. परंतु ज्या शाळेची आम्ही वर्गात स्तुती करीत होतो, तीत आमचे स्वतःचे नाव कधी दाखलच झाले नव्हते. हंडे घेऊन जाणाऱ्या बाया मात्र तेथे नेमाने हजर होत्या.

आमच्या मंडळाचा कित्ता ज्या रोटरीचा, तिची सुरुवात तरी अशी नव्हती. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत चार जणांची बैठक घेतली. पुढे सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने सभा भरत, म्हणून हे नाव. या मंडळींनी १९०७ साली पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले ते कोणते? वह्यावाटप नव्हे. शहरात सार्वजनिक शौचालय हवे, ही मागणी घेऊन ते नगरशासनाकडे गेले आणि विरोध झाला तरी मागे हटले नाहीत. सेवेचा आरंभ मागणीपासून झाला होता. आम्ही मागणी गाळून सेवा तेवढी उचलली.

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्यावयाचे, तर २०१८ साली तलाव-धरणांतील गाळ उपसण्याचे मोठे काम येथे निघाले. भारतीय जैन संघटनेने यंत्रे दिली, सरकारने इंधनाचा खर्च सोसला आणि शेतकऱ्यांनी गाळ पदरखर्चाने आपल्या शेतांत वाहून नेला. त्यात कोणी कोणाचा पाहुणा नव्हता. ज्याचा त्याचा वाटा ठरलेला होता. वाटा ठरला, की विचारण्याची भीड राहत नाही.

घरी परतलो तेव्हा रात्र झाली होती. कुटुंबाने विचारले, “विचारलंत का?” आम्ही सभेचा वृत्तान्त सांगू लागलो. तिने तो पुरता ऐकलाही नाही. “म्हणजे नाही,” एवढेच म्हणून ती उद्याच्यासाठी हंडे घासावयास बसली.

तो कागद आम्ही टाकला नाही. पुढील अंदाजपत्रकाच्या सभेस प्रेक्षकांच्या बाकावर आम्ही एकटेच होतो. प्रेक्षकांस बोलण्याची तेथे मुभा नसते, म्हणून सभा उठल्यावर जिन्यातच नगराध्यक्षांस गाठून तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी वाचला, थोडे हसले आणि म्हणाले, “आज आभार नाहीत ना?”