जरीची लक्ष्मी

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एखादं जुनं घर मोकळं व्हायला लागलं, की सामान कोणत्या क्रमानं बाहेर पडणार हे शेजाऱ्यांना पाठ असतं. आधी पितळेची भांडी, मग पंखे, लोखंडी कपाट, शिलाई मशीन. देवांचे फोटो अगदी शेवटी. ते भंगारात द्यायला हात धजत नाही, म्हणून पुष्कळ जण पिंपळाच्या पारावर गुपचूप ठेवून येतात. पण चौकट सागवानी असेल तर फोटो जुन्या फर्निचरच्या दुकानात जातो. २०२१च्या मे महिन्यात शहरात स्लॅब कोसळून माणसं गेली, त्यानंतर जुन्या इमारतींची तपासणी सुरू झाली, आणि कितीतरी भिंती अशा रिकाम्या झाल्या.

त्यांपैकी कुठल्या तरी भिंतीवरची लक्ष्मी मला अशाच एका दुकानात कपाटाच्या मागे उलटी टेकवलेली दिसली. कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. राजा रविवर्म्यांची लक्ष्मी मराठी घरात कुणाला अनोळखी असणार? पण हिनं खरं कापड नेसलेलं होतं. छापलेल्या साडीवर कुणीतरी लाल रेशीम बेतून चिकटवून टाचलं होतं, काठाला जर, पदरावर टिकल्या, गळ्यात बारीक मण्यांची सर. चेहरा, हात आणि पावलं तेवढी कागदाची. मी किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "भगवान के फोटो का क्या दाम लगाऊँ, दीदी? फ्रेम का दे दो."

घरी आणून भिंग लावून चेहरा पाहिला. ऑफसेटच्या छपाईत ठिपके शिस्तीत रांगेनं बसलेले असतात. हिच्या गालावरचे ठिपके लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ, कारण कारागिरानं ते चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर एकेक करून उमटवले होते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याशा गोष्टीवर ही सारी कला उभी होती: तेलकट खडूनं काढलेल्या जागी शाई धरते, ओल्या दगडावर धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर सगळे रंग तंतोतंत बसायला हवेत. जरा सरकलं की देवीचा ओठ हनुवटीवर! अशी चित्रं छापायला रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दादासाहेब फाळक्यांनीही तिथे काही काळ काम केलं. कर्ज वाढत गेलं आणि रविवर्म्यांनी छापखाना आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. १९७२च्या आगीत तो जळाला. मळवलीहून मुंबईला जाणारा माल घाट उतरून कर्जत, बदलापूर, अंबरनाथमार्गे कल्याण गाठायचा, म्हणजे आज आमची लोकल ज्या मार्गावरून धावते त्याच मार्गानं. तेव्हा इथे उल्हासनगर नव्हतंच.

चौकटीच्या पाठीमागची फळी सोडवली तर आत घडी करून भरलेलं वर्तमानपत्र निघालं. सिंधी, अरबी वळणाच्या लिपीतलं. दुकानदाराच्या वृद्ध वडिलांनी चष्मा चढवून वाचायला घेतलं, तर ती पापडांची जाहिरात होती. ते हसले, आणि मग बराच वेळ वाचत राहिले. त्यांच्या नातवंडांना ही लिपी येत नाही.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये चादरींचे आडोसे. अशा जागेत आधी सिंधींचे इष्टदेव झूलेलाल आणि मग ही लक्ष्मी टांगली गेली असावी. त्या घरातल्या कुणा बाईनं दुपारी, हातातलं काम आटोपून, लग्नाच्या जुन्या पोशाखातला तुकडा कापायला घेतला असेल. कागद उजेडासमोर धरला की साडीच्या कडेनं सुईची बारीक भोकं चमकतात. टाका जिथे अडकला तिथे मागे गाठी आहेत. घाईनं मारलेली एकही नाही.

चित्रांना जर लावण्याची ही चाल घरोघर होती. कल्याणच्या एका चौकटवाल्यानं मला प्रेमानं सुचवलं, की कापड वाफेवर सोडवून काढू, म्हणजे खालचं मूळ चित्र मोकळं होईल, किंमतही चांगली येईल. मला हे मुळीच पटत नाही. खालचं चित्र हजारो घरांत पोचलं, म्हणूनच ते थोर. या एका कागदाला दुसरा जोड नाही तो त्या बाईमुळे. रविवर्म्यांचं नाव आपण जपतोच. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, तिचे टाके तेवढे आहेत, आणि तेच उसवायचे?

मी पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घातला, कागदाला काच टेकू नये म्हणून मध्ये पट्टी दिली, उदबत्तीच्या धुरानं पिवळसर झालेला वरचा कोपरा तसाच ठेवला. वर्तमानपत्र वेगळ्या पाकिटात आहे. त्या म्हाताऱ्या काकांना त्याची मोठ्या अक्षरातली झेरॉक्स हवी होती, ती नेऊन दिली. आता गल्लीत कुणाचं घर मोकळं होतंय असं कळलं, की मी जाऊन एवढंच सांगते: देव पाराकडे न्यायच्या आधी चौकटी उलट्या करून पाहा, आणि नाही ठेवायच्या असतील तर मला हाक मारा.