राजसरडा

आमच्या पाच वर्षांच्या नातवाची भाषा ‘हे’, ‘ते’ आणि बोट दाखविणे एवढ्यावर येऊन थांबली होती. शाळेच्या सल्ल्यावरून घरात केवळ इंग्रजी सुरू झाले. मराठी तोंडातून गेली आणि इंग्रजी काही आली नाही. सूनबाईला दोष द्यावा, तर तिचा हेतू चांगलाच. आम्हा उभयतांचे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेलेले. तरीही त्याला पाठांतराला बसवायचे नाही, एवढे आम्ही ठरविले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसईहून त्याला खोपोलीजवळच्या इमॅजिकात नेले. २०१३ साली सुरू झालेल्या या मनोरंजननगरीत आमचे डोळे दिपले, पाय दुखले आणि खिसाही हलका झाला. पण खरी शाळा भरली ती वाट पाहण्यात. ‘निट्रो’च्या उंचच उंच रुळांवर लहानग्यांना मज्जाव, म्हणून आम्ही तिघे खालूनच पाहत उभे राहिलो.

“ते बघ!” तो म्हणाला.

“गाडी हळूहळू चढते आहे,” आम्ही त्याचेच बोलणे थोडे लांबवून परत दिले आणि गप्प राहिलो. हे गप्प राहणे मास्तरमंडळींना फार जड जाते!

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “चढते आहे... आणि मग पडते.”

“पडते की घसरते?”

“सुळकन घसरते!”

नुसते पाहूनच पोटात गोळा आला, असे आजी म्हणाली. त्याने तिच्या पोटावर हात ठेवून तो गोळा चाचपून पाहिला.

पुढे ‘राजासॉरस’ अशी पाटी होती. हे नाव उद्यानवाल्यांच्या कल्पनेतले नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी एका डायनोसॉरला ते दिले. ‘सॉरस’ म्हणजे ग्रीक भाषेत सरडा, एवढेच आम्ही सांगितले. तो क्षणभर थांबला.

“म्हणजे राजसरडा!”

हा शब्द त्याला कोणीही शिकविला नव्हता.

रात्री घरी सूनबाईने इंग्रजीत चौकशी केली. त्याने मराठीत आरंभ केला. आधी गाडी, मग सुळकन, मग आजीच्या पोटातला गोळा. शब्द अडे तेथे हात फिरे. ती मध्येच त्याची चूक सुधारू लागली, तेव्हा आम्ही खुणेने थांबविले. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, “बरं, तुझा राजसरडा खातो तरी काय?”