तानसेच्या बांधापाशी

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक जाहीर झाले की घरोघरी एकच प्रश्न निघतो : हा खर्च दरवर्षी वाढतोच कसा? आकड्यांची चोपडी चाळण्यापेक्षा आपल्या नळाच्या पाण्याचाच माग काढावा, असे मनात आले आणि आम्ही शहापूर तालुक्यातील तानसेचा रस्ता धरला.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळू लागले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाखांवर भरली. विहारने तिची तहान भागेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशी व १८९२ मध्ये तानसा झाला. पुढे १९५७ मध्ये अभियंते मोडक यांच्या नावाचा मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा! जवळचे, स्वस्त पाणी आधी सरते. पुढचा प्रत्येक हंडा अधिक लांबच्या पाणवठ्यावरून आणावा लागतो. शिवाय नवा तलाव झाला म्हणून जुना नळ मोडीत निघत नाही. त्याची डागडुजी चालूच राहते.

तानसेचा दगडी बांध जवळजवळ पावणेदोन मैल लांब आहे. येथून पाणी उताराने मुंबईकडे धावते. पाण्यास वेतन लागत नाही. ते राखणाऱ्या माणसांस लागते. गिरणीत नवे यंत्र आले की तोच कामगार दुप्पट कापड काढतो व त्याची मजुरी वाढते. परंतु इस्पितळातील परिचारिकेने एका रात्रीत दुप्पट रोग्यांची शुश्रूषा कशी करावी? तरीही तिचे वेतन इतरांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. शहरांच्या वाढत्या खर्चाचे हे मर्म अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६७ मध्ये उलगडून दाखविले.

म्हणून सारीच वाढ रास्त, असे मात्र नव्हे. उधळपट्टीवर नागरिकांनी नजर ठेविलीच पाहिजे. पण परतताना निराळाच विचार मनात घोळत राहिला. याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. तलाव त्यांच्या उशाशी, पाणी आमच्या घरी! त्यांच्या डोक्यावरील हंड्यांचा भार कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेला नसतो. घरी आल्यावर नळ सोडला, तेव्हा कर जड असल्याची तक्रार ओठांवर आली नाही.