सुरगाठ

लहानपणी आजीने मला दोन गाठी शिकवल्या. परकराच्या नाडीची सुरगाठ आणि गाठोड्याची निरगाठ. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते, निरगाठ दातांनाही दाद देत नाही. पुढे मोटरसायकलवर सामान बांधायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी सगळीकडे निरगाठीच मारल्या. वाटेत काही पडू नये, एवढाच धसका. हे सगळं रात्री परत सोडायचं आहे, तेही पावसात आणि बोटं बधिर झालेली असताना, हे डोक्यातच आलं नव्हतं.

डोक्यात आलं ते २००९च्या जुलैमध्ये, सावंतवाडीत. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली असा रस्ता, गाडी १५० सीसीची पल्सर. मागच्या सीटवर मोठी बॅग, दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा, त्यांना रबरी काठाची रेनकव्हरं, बॅगेवर ताडपत्रीचा तुकडा आणि त्यावर हुकवाल्या सहा रबरी दोऱ्या आडव्यातिडव्या. निघताना ऊन होतं म्हणून रेनकोट बॅगेच्या तळाशी. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. रेनकोट काढायचा तर घाटात उभं राहून सगळं बोचकं सोडावं लागणार होतं, म्हणून तशीच भिजत खाली उतरले. लॉजच्या पायरीशी दोऱ्या सोडवायला वीस मिनिटं लागली. मालकीणबाई बॅटरी धरून उभ्या होत्या. शेवटी त्यांनाच राहवेना. "बाय, सुरी हाडू काय?"

सुरी आली, दोऱ्या कापल्या. आत पाहते तर सॅडलबॅगेच्या कव्हरात परातीत साठावं तसं पाणी साठलेलं. कव्हराने पाऊस अडवला नव्हता, आत शिरलेला पाऊस बाहेर जाऊ दिला नव्हता. उजवी बॅग घाटात कधीतरी खाली सरकून सायलेन्सरला टेकली होती. तिचा तळ वितळला होता आणि माझ्या एका सलवारीला रुपयाएवढं भोक पडलं होतं. ओल्या बॅगेत सलवार जळते कशी, हे कोडं मी त्या रात्री ओल्या चादरीत पडून बराच वेळ सोडवत होते.

बॅग कोरडी ठेवता येत नाही, हे मान्य करायला मला त्यानंतर आणखी दोन पावसाळे लागले. उभ्या माणसावर पाऊस वरून पडतो. धावत्या गाडीवर तो समोरून बॅगेच्या चेनमध्ये घुसतो, शिलाईच्या सुईभोकांतून झिरपतो, आणि मागचं चाक त्याला चिखलासकट खालून उडवतं ते वेगळंच. म्हणून आता मी बाहेरच्या कव्हरावर पैसे घालत नाही. बाहेरची बॅग सामान धरायला, कोरडं ठेवायचं काम आतल्या पिशवीचं. तोंड गुंडाळून बंद करायच्या, शिलाईऐवजी सांधे वितळवून जोडलेल्या पिशव्या मिळतात, त्या उत्तम. मात्र तोंडाला निदान तीन घड्या हव्यात, घाईत एकच घडी घातली तर ती साधी पिशवी होते. आणि तेवढा खर्च नको असेल तर युरियाच्या गोणीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. ज्या गोणीची खोळ करून आपली माणसं भर पावसात लावणी करतात, तिच्या आत ही असते. चांगली जाड. धुऊन दोन दिवस उन्हात टाकावी लागते, नाहीतर कपड्यांना खताच्या दुकानाचा वास येतो.

त्या मोठ्या पिशवीच्या आत माझ्या लहान थैल्या असतात. आमच्याकडे ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा ढीग होता, तसा तो बहुतेक घरांत असतोच. कुणीतरी कुणाच्या तरी ओटीत घातलेले, पुढे फिरवायचे राहून गेलेले. आईने त्यांच्या नाडीच्या थैल्या शिवून दिल्या. लाल थैलीत औषधं, हिरवीत चार्जर आणि वायरी, मोरपंखीत मोजे, पिवळीत अंतर्वस्त्रं. अंधारात रंग दिसत नाहीत, हे मला पहिल्याच प्रवासात कळलं. मग आईने प्रत्येक नाडीला वेगळ्या संख्येने गाठी मारल्या. औषधांच्या नाडीला एक, चार्जरला दोन. आता हात घातला की कळतं.

हुकवाल्या रबरी दोऱ्या सुटल्या त्या मावळातल्या एका दूधवाल्यामुळे. सकाळी चहाच्या टपरीवर त्याची गाडी माझ्या गाडीशेजारी लागली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे आणखी एक. त्याने माझ्या दोऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे हुक काढा. सुटला तर डोळा जाईल." त्याच्या किटल्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. हुक नाही, गाठ नाही. पट्टी ताणून चार वेढे घ्यायचे आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचायचं. रबर रबराला धरून ठेवतं. खड्ड्यात सामान दबलं की पट्टी आवळून घेते, आणि टोक ओढलं की सगळं एका झटक्यात मोकळं. रोज पहाटे बांधायचं आणि दहा दारांत सोडायचं, हा त्याचा धंदा. माझ्या आजीची सुरगाठच ती, फक्त रबराची. पंक्चरवाल्याने मला तसल्या पट्ट्या फुकट कापून दिल्या आणि वर चहाही पाजला.

पट्टी असो की पट्टा, लोंबतं टोक मात्र ठेवू नये. एका मित्राच्या बॅगेचा वीतभर पट्टा गाडीच्या चेनमध्ये गेला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गावातला रस्ता, वेग कमी, म्हणून गुडघ्यावर निभावलं.

वजनाचं म्हणाल तर ते खाली आणि पुढे असावं. मागच्या चाकाच्या आसापलीकडे जड सामान लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात बोलायला लागतं. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. मी रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा आणलाय, दोन्ही बॅगा त्याला लटकवून बघते. सामान भरल्यावर मागच्या टायरात हवा वाढवायची, हे गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि साडीगार्ड काढू नका. डाव्या बाजूची ती जाळी कायद्याने सक्तीची आहे, तरी नवी गाडी आली की पोरं पहिली तीच उतरवतात. गाडी बायकी दिसते म्हणे. डावी बॅग चाकात जाण्यापासून तीच वाचवते.

निरगाठीलाही जागा आहे, हे मी पुणे स्टेशनवर शिकले. २०१७ साली माझी हिमालयन मोटरसायकल रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला पाठवली, पुढे मनाली आणि लेह करायचं होतं. पेट्रोल काढून टाकी रिकामी केली, आरसे उतरवले. मग एका म्हाताऱ्या कामगाराने टाकीवर पेंढा आणि पुठ्ठा घालून सगळी गाडी गोणपाटात गुंडाळली आणि दाभणाने सुतळी घालून अर्ध्या तासात शिवून काढली. शेवटी मारली ती निरगाठ. मी काळजीने विचारलं, सुटणार कशी? "सोडायची कशाला? कापायची," तो म्हणाला. जे एकदाच उघडायचं, आणि तेही पोचल्यावर, त्याला निरगाठ. माझी हत्यारं आणि जादा ट्यूब तेव्हापासून तळाशी, घट्ट बांधून असतात. क्लचची जादा केबल तर बॅगेत नसतेच. जुन्या केबलच्या बाजूनेच ती ओवून टेपने चिकटवून ठेवलेली असते. तुटली की टोकं बदलायची.

त्या प्रवासात अटल बोगदा नव्हता, तो २०२०मध्ये सुरू झाला. रोहतांग खिंड ओलांडूनच जावं लागायचं. तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती. हिमालयनची टाकी १५ लिटरची, शांतपणे हिशेब केला असता तर कॅन लागत नव्हता. पण ती पाटी बघून शांतपणे हिशेब कोण करतं? पाच लिटरचा कॅन घेतला, सायलेन्सरपासून लांब म्हणून डावीकडे बांधला. बारालाचा खिंड चढताना तो फुगला आणि झाकणातून पाझरू लागला. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा, आतली वाफ बाहेर ढकलणारच. वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म झालं, शाम्पूची बाटली थैलीतच ओकली, आणि घरून आणलेल्या कोल्हापुरी भडंगाला पेट्रोलचा वास लागला. तरी खाल्लं. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढलं होतं, सॅडलबॅगांचे तळ दोनदा बुडाले. सरचूला तंबूत बॅगा उलट्या केल्या तेव्हा प्रत्येकीतून तांब्याभर पाणी निघालं. युरियाच्या पिशवीतले कपडे कोरडे होते.

आता निघण्याच्या आदल्या रात्री मी सामान उलट्या क्रमाने भरते. मुक्कामावर सगळ्यात शेवटी लागणारं आधी, वाटेत लागणारं सगळ्यात वर. रेनकोट बॅगेत जातच नाही. तो सगळ्या सामानाच्या वर, एकाच रबरी पट्टीखाली, टोक डाव्या हाताला. गाडीची कागदपत्रं आणि पैसे जॅकेटच्या खिशात. बॅग कधीतरी मागे राहू शकते, जॅकेट राहत नाही.

यंदा पावसाळ्यात निघणार असाल तर एक करून बघा. सामान बांधून झालं की पार्किंगमधला दिवा मालवा, हातमोजे चढवा आणि रेनकोट काढायचा प्रयत्न करा. मिनिटापेक्षा जास्त लागलं तर सगळं सोडून पुन्हा बांधा.