दर दहा मिनिटांनी

वाईच्या आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही सगळं फळ्यावर. घरी वडील तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसवायचे. कानावर इंग्रजी पडायचं ते रात्री, ट्रान्झिस्टरवर. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा 'स्पेशल इंग्लिश' १९५९पासून परदेशी श्रोत्यांसाठीच चालायचा : दीडेक हजार शब्द, छोटी वाक्यं आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगानं वाचलेल्या बातम्या. शॉर्टवेव्हच्या खरखरीतूनही मला सारं समजायचं. १९९१मध्ये लग्न होऊन न्यूजर्सीत आले, तर त्या वेगानं बोलणारा एकही अमेरिकन भेटेना.

नोकरी लागल्यावर मीटिंग कशीबशी निभायची. विषय ठाऊक असायचा, कागद पुढ्यात असायचे. घाम फुटायचा तो खाली कॅफेटेरियात. काउंटरवरची बाई मान वर न करता विचारायची, "फ्रिअरटगो?" इथेच खाणार की बांधून देऊ, एवढाच प्रश्न. 'फॉर हिअर ऑर टू गो' यातला एकेक शब्द मला चौथ्या धड्यापासून येत होता. पण तिनं त्यांचा गोळा करून माझ्या अंगावर टाकलेला. 'वॉटर'चं वॉडर, 'ट्वेंटी'चं ट्वेनी. सगळ्यात दगाबाज तो 'कॅन'. होकारातला 'कॅन' नुसता 'क्न' असा गिळला जातो आणि नकारातला 'कान्ट' इथे 'कॅन'वर जोर देऊन शेवटचा ट घशातच ठेवतो. म्हणजे 'कॅन' स्वच्छ ऐकू आलं, की बहुधा नकार समजायचा!

आपण मराठीत अक्षरांना साधारण सारखा न्याय देतो. इंग्रजीत ठरावीक शब्दांवर ठोका पडतो आणि मधल्यांनी मिळेल त्या फटीतून निघून जायचं. मी मेली त्या मधल्यांच्याच मागे धावायची. खरं तर आपणही 'येतो आहे'चं 'येतोय' करतोच, पण ते कधी भरभर वाटलं नाही.

माझा कान तयार केला तो गाडीतल्या रेडिओनं. 'टेन-टेन विन्स' हे न्यूयॉर्कचं केंद्र १९६५पासून दिवसरात्र फक्त बातम्या देतं. निवेदकाच्या आवाजामागे टेलिप्रिंटरची टकटक चालू असते आणि दर दहा मिनिटांनी वाहतुकीचं वार्तापत्र. ते सांगणारा माणूस श्वास कधी घेतो, हे अजून मला उमगलेलं नाही. पण भाषा शिकायला याहून चांगला वर्ग मी पाहिला नाही. ठरलेले पूल, ठरलेले बोगदे, ठरलेली रडगाणी : हॉलंड टनेलला आत जाताना तीस मिनिटं, जॉर्ज वॉशिंग्टनचा वरचा मजला बरा, खालचा तुंबलेला. निसटलं तर दहा मिनिटांनी पुन्हा. नकाशावर मी 'गोएथल्स' वाचलेला पूल म्हणजेच तो रोज ऐकू येणारा 'गॉथल्स', हा उलगडा एलिझाबेथजवळ त्याच पुलाच्या तोंडाशी, रांगेत अडकून बसले असताना झाला. समोर लाल दिव्यांची माळ आणि कानात तिचंच वर्णन!

आम्ही राहतो ते एडिसन. माणसाचा आवाज साठवून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ १८७७मध्ये इथल्याच मेन्लो पार्कात जन्मला. गावानं १९५४मध्ये ज्याचं नाव घेतलं, त्या एडिसनला स्वतःला फार कमी ऐकू यायचं. नव्या गावकऱ्याला हा मोठाच दिलासा.

विनोद मात्र शेवटी आले. शनिवारी सकाळी 'कार टॉक' लागायचा. टॉम आणि रे माग्लिओझी, बॉस्टनचे दोघे भाऊ, मोटारींच्या दुखण्यांवर सल्ले द्यायचे आणि मधले 'र' सर्रास खाऊन टाकायचे. टॉम स्वतःच्याच विनोदावर आधी हसायचा. कित्येक शनिवार मी त्याच्या हसण्याला हसले, विनोदाला नव्हे. २०१४मध्ये तो गेला, तोवर मी त्याच्याआधी हसायला लागले होते.

आता साठी उलटली. टीव्हीचा आवाज मी फार वाढवते, असं ह्यांचं म्हणणं. कानाच्या तपासणीला गेले. आधी नुसते बारीक सूर ऐकवतात, ते सोपं. सुराला भाषा नसते. मग बंद खोलीत ध्वनिमुद्रित आवाज एकाक्षरी सुटे शब्द म्हणतो आणि आपण ते परत म्हणायचे. मागेपुढे वाक्य नाही, ठोका नाही, पूल नाही की बोगदा नाही. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, फ, थ हे त्यातलेच. माझी काही उत्तरं ऐकून तपासनीस बाईंनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" चूक कानाची की मराठीची, हे त्यांना ठरवायचं होतं. सुरांचा आलेख पाहून त्यांनी निकाल दिला : कानाचीच.

त्यानंतर त्या एकेक शब्द सुटा करून, अगदी संथ बोलू लागल्या. म्हटलं, "वेग राहू द्या तुमचा. आवाज तेवढा चढवा." त्या हसल्या आणि यंत्रांचे प्रकार, बॅटऱ्या, २०२२पासून औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागलेली स्वस्तातली यंत्रं, माझा विमा, सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. विमा यातला एक डॉलरही देत नाही, हे मला पहिल्या फटक्यात कळलं.