धुराचा पंचनामा

आग लागली की आपण ज्वाळांकडे पाहतो. किती घरे जळाली, किती दुकाने गेली, किती लाखांचा माल राख झाला, याचा हिशेब होतो. पंचनामा होतो. धुराचा पंचनामा मात्र कोणी करीत नाही. तो वर गेला, विरला, संपला, असे आपण धरून चालतो. पण तो कोणाच्या तरी छातीत उतरलेला असतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांचे भाऊ, मामू, चाचा बॅगा शिवण्याच्या, रेक्झिनच्या कारखान्यांत राबतात. खाली माल, मध्ये मशिनी, वर झोपायची जागा. म्हणूनच ८ डिसेंबर २०१९ ची दिल्लीची बातमी आमच्या मोहल्ल्याला परकी वाटली नाही. अनाज मंडीतल्या तशाच एका इमारतीत पहाटे आग लागली आणि ४३ जण मेले. बहुतेक जण गुदमरून गेले. धुरात अडकलेल्या एका मुस्लिम कामगाराने गावाकडच्या हिंदू मित्राला फोन करून मुलाबाळांना सांभाळण्याची विनवणी केली. बोलण्यापुरता श्वास उरला होता, बाहेर पडण्यापुरता नव्हता.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावला तेच घडले. पुनर्वसनाच्या इमारतीत तळमजल्यावर आग लागली. उभी वाहने आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. माणसे झोपेतून उठली तेव्हा जिना धुराने भरलेला होता.

हा धूर चुलीच्या धुरासारखा नसतो. गाद्यांचा आणि सीटचा फोम जळाला की त्यातून सायनाइडचा विषारी वायू निघतो. वायरींवरचे प्लास्टिक जळाले की आम्लाची वाफ निघते. टायरमधून काजळी उठते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. नाकावर ओले फडके धरले तर काजळी थोडी अडते, हा वायू अडत नाही. म्हणून जमिनीलगत वाकून लवकर बाहेर पडावे, आणि वाट बंद असेल तर दार लावून फटीत ओली चादर कोंबावी.

मागे आमच्या वस्तीत भंगाराचे एक गोदाम पेटले. बंब आले, आग विझली. कोणी दगावले नाही म्हणून सर्वांनी अल्लाहचे शुक्र मानले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मुलांचे आवाज बसलेले होते. दम्याचा एक मुलगा आठवडाभर आला नाही. त्याची अम्मी रजेची चिठ्ठी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "सर, गोदामवाले का नुकसान तो लिख के ले गए. मेरे बच्चे के पंप का पैसा कौनसे कागज पे लिखें?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. हवा मोजणारे यंत्र साऱ्या परिसराची सरासरी सांगते; एका गल्लीतली एक रात्र त्या आकड्यात हरवून जाते.

रात्री झोपताना घरातला विस्तव विझवावा, अशी ताकीद पैगंबरांनी (स.) दिल्याचे हदीसमध्ये आहे. आजचा विस्तव भिंतीतल्या जुन्या वायरीत असतो, एकाच बोर्डावर लावलेल्या चार प्लगांत असतो, रात्रभर चार्जिंगला ठेवलेल्या गाडीत असतो. तो विझवायचा म्हणजे वायरिंग तपासून घ्यायचे, जिन्यातले गठ्ठे हलवायचे, गच्चीचे कुलूप काढायचे. आग विझल्यावरही लेकरांना राखेत खेळू द्यायचे नाही, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचे, पाण्याची टाकी धुऊन घ्यायची. जमातीच्या बैठकीत आणि जुम्याच्या बयानात हे विषय यायला हवेत.

आणि पुढच्या पंचनाम्यात जळालेल्या मालाखाली एक ओळ आणखी असावी: या धुराने कोणकोण आजारी पडले.