संहिता, प्रयोग आणि वेळ

‘परफॉर्मन्स’ हा शब्द आपल्याला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना, परका वाटत नाही. नाटकाच्या तासाला आपण त्याला ‘प्रयोग’ म्हणतो, समीक्षेत ‘सादरीकरण’ म्हणतो आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात तोच ‘कामगिरी’ होऊन बसतो. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात तो ‘आर्किटेक्चर’ या शब्दाचे बोट धरून येतो. तिथे त्याचा अर्थ इतका काटेकोर आहे की पहिल्या वाचनात मला तो दरिद्री वाटला. परफॉर्मन्स म्हणजे वेळ. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती वेळ लागला, एवढेच. या दरिद्री अर्थात काय काय दडले आहे हे कळायला मला एक दिवाळीची सुटी लागली.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी नागपूरला संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीतून झालेले. संगणकाच्या रचनेचा पेपर तिचा एकदा राहिला होता. पुन्हा राहिला असता तर वर्ष गेले असते, आणि शिक्षणाचा खर्च धानावर चालणाऱ्या घरात वर्ष जाण्याचा अर्थ काय होतो हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. सुटीत ती गावी आली ती पॅटरसन आणि हेनेसी यांच्या जाडजूड ग्रंथाची झेरॉक्स घेऊन. “गणितं सुटतात, मोठेबाबा,” ती म्हणाली, “पण आत काय होऊन राहिलं ते दिसत नाही.”

ही तक्रार मला ओळखीची होती. अलंकाराची व्याख्या पाठ असलेला आणि कविता न दिसणारा विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

गणित तसे साधे आहे. कार्यक्रमातील आज्ञांची संख्या, प्रत्येक आज्ञेला सरासरी लागणारी आवर्तने आणि एका आवर्तनाचा काळ या तिघांचा गुणाकार म्हणजे लागलेला वेळ. हजार कोटी आज्ञा, प्रत्येकी दीड आवर्तन, सेकंदाला तीनशे कोटी आवर्तने: उत्तर पाच सेकंद. हे तिला येत होते. अडत होते ते ‘आर्किटेक्चर’पाशी. वास्तुशास्त्राचा शब्द इथे कशाला, हा तिचा प्रश्न होता.

उत्तर १९६४ साली सापडते. त्या वर्षी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. त्याआधी यंत्र बदलले की कार्यक्रम बहुधा नव्याने लिहावे लागत. आता लहान-मोठी, स्वस्त-महाग, मंद-वेगवान अशी अनेक यंत्रे एकच आज्ञासंच मानणार होती. अ‍ॅम्डाल, ब्लाऊ आणि ब्रुक्स या तिघांनी त्यावरच्या लेखात ‘आर्किटेक्चर’चा अर्थ बांधून दिला: कार्यक्रम लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते ते त्याचे आर्किटेक्चर; आतल्या तारा कशा जोडल्या, हा वेगळा विषय. म्हणजे आर्किटेक्चर हे एक वचन आहे. ‘ही आज्ञा दिलीस तर हा परिणाम होईल’, एवढेच ते सांगते.

हे वाचताना मी थांबलो, कारण ही जोडी आमचीच होती. एक संहिता, दुसरा प्रयोग. आमच्या भागात हे समजावायला ग्रंथ लागत नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात ती होळीच्या आसपासपर्यंत चालतात. वडसा हे या कंपन्यांचे माहेरघर, अर्जुनीहून रेल्वेच्या त्याच मार्गावर. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होते तरी नाटक चालू असते. तेच नाटक एका गावात चार तासांत आटोपते आणि दुसऱ्या गावात लावणीला ‘वन्स मोअर’ मिळत गेला की पाच तास घेते. संवाद तेच, शेवट तोच. गेलेली रात्र मात्र वेगळी. पुतणीला म्हटले, आज्ञासंच म्हणजे संहिता आणि चिप म्हणजे नाटक कंपनी. ती हसली आणि म्हणाली, “मग परीक्षेत सगळे प्रश्न कंपनीवरच येतात.”

खरेच तसे आहे. अभ्यासक्रमाचा मोठा भाग प्रयोगाच्या युक्त्यांवर खर्च होतो. ‘पाइपलाइन’ तिला रोवणीवरून लगेच पटली. पऱ्हे उपटणे, जुड्या बांधणे, बांधीत नेऊन टाकणे, रोवणे ही कामे एकामागून एक न होता एकाच वेळी चार ठिकाणी चालू असतात, आणि सगळ्यांचा वेग सर्वांत सावकाश हाताने ठरतो. एकट्या जुडीचा प्रवास त्यामुळे लवकर होत नाही. दिवसाअखेर रोवलेल्या बांध्या वाढतात. हा फरक पुस्तकात दोन पाने घेतो, शेतात तो उघडा दिसतो. अ‍ॅम्डालचा १९६७ चा नियमही याच जातीचा आहे: कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेच करण्यासारखा असेल, तर कितीही माणसे लावा, वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला तो अनेक प्रोसेसर एकत्र कामाला जुंपून. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर आमच्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्या यंत्राचे कौतुक आपण देशाभिमानाने करतो. पण असे काम करणाऱ्याचा रोजचा झगडा त्या एकट्याने करायच्या हिश्श्याशी असतो, हे या नियमामुळे कळते.

‘कॅश’ या शब्दावर आम्ही दोन दिवस घालवले. वर्गातल्या निम्म्या मुलांना तो पैशाचाच शब्द वाटला होता, असे ती म्हणाली. मुळात तो फ्रेंच, लपवून ठेवण्याच्या क्रियेवरून आलेला. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडताना तिला ‘सेवक स्मृती’ अशा अर्थाचे नाव दिले होते. आज प्रोसेसरचे एक आवर्तन सेकंदाच्या अब्जांशाचा तिसरा हिस्सा असते; तेवढ्या काळात प्रकाशसुद्धा सुमारे दहा सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीतून एक आकडा आणायला अशी दोनशे-अडीचशे आवर्तने जातात. आवर्तन एक सेकंदाचे धरले तर स्मृतीची फेरी चार मिनिटांची, आणि जुन्या फिरत्या डिस्कची जवळपास वर्षाची. प्रोसेसर हुशार असतो, पण बराच काळ वाट पाहत बसतो. म्हणून लागणाऱ्या वस्तूंच्या प्रती हाताशी ठेवायच्या.

मी तिला पाण्याचे उदाहरण दिले. शेताला लागून बोडी, गावचा मालगुजारी तलाव, त्यापलीकडे कोलू पाटील कोहळी यांनी बांधला म्हणतात तो नवेगावचा बांध, आणि गोठणगावजवळचे इटियाडोह. जवळचे लहान, लांबचे मोठे. तिला ते पटले नाही. “बोडीतलं पाणी वापरलं की संपते. स्मृतीतला आकडा वाचला म्हणून संपत नाही. आणि बोडीतलं पाणी तलावातल्या पाण्याची कॉपी नाही.” मग तिनेच दुसरा दाखला काढला: ग्रंथालयातले पुस्तक, खोलीवरची झेरॉक्स, परीक्षेच्या सकाळी हातात असलेले टिपण. तिघांत मजकूर तोच. आणि पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की झेरॉक्स जुनीच राहते.

यापुढचे प्रकरण नेमके त्याचेच आहे: चार प्रोसेसरांकडे चार प्रती आहेत आणि एकाने आपल्या प्रतीत बदल केला, तर खरा पाठ कोणता? मी तिला एकनाथांविषयी सांगितले. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात फिरून पाठभेद झाले होते, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रोसेसरांना पाठशुद्धीसाठी तीन शतके थांबता येत नाही. एकाने लिहिले की त्या शब्दाच्या बाकीच्या प्रती तत्क्षणी रद्द केल्या जातात. ‘इनव्हॅलिडेट’ या शब्दापुढे तिने वहीत लिहिले, ‘पाठ रद्द’. पारिभाषिक कोशांतून मिळणाऱ्या कित्येक प्रतिशब्दांपेक्षा हा मला अधिक जिवंत वाटला. पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ साली मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला; चांगलेच झाले. पण मराठीतून शिकणे म्हणजे इंग्रजी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवणे नव्हे. शब्द बदलूनही आत काय होऊन राहिले ते दिसणार नसेल, तर त्या खटाटोपाचा तिच्यासारख्या मुलीला काय उपयोग?

सर्वांत रंगतदार भाग तिच्या अभ्यासक्रमातच नव्हता. प्रोसेसर वाट पाहायला इतका कंटाळतो की पुढे कोणता फाटा घ्यावा लागेल याचा अंदाज बांधून तो काम आधीच करून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेले टाकून द्यायचे आणि योग्य वाटेने जायचे. संहितेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, कारण अंतिम परिणाम तोच. दशकानुदशके सर्वांनी हे मान्य केले होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले आणि कळले की टाकून दिलेल्या कामाच्या खुणा कॅशमध्ये उरतात. कोणता आकडा चटकन मिळतो आणि कोणत्याला उशीर लागतो हे मोजत बसले, तर जे वाचण्याची परवानगी नाही तेही कळू शकते.

हे तिला नाटकावरूनच सांगावे लागले. समजा, पुढचा प्रवेश राजवाड्याचा की झोपडीचा हे आयत्या वेळी ठरणार आहे. कंपनीने अंदाजाने पडद्यामागे राजवाडा लावून ठेवला. ठरले झोपडीचे, तर राजवाडा हलवावा लागतो, आणि पडदा उघडायला उशीर होतो. प्रेक्षकाला राजवाडा दिसला नाही. पण घड्याळ घेऊन बसलेल्याला तो होता हे समजले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे संहितेत वेळेबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.” नव्हते. वचन परिणामाचे होते, वेळेचे नव्हते. जे लिहिलेच नाही ते प्रयोगाने वाटेल तसे वापरले, आणि गुपित फुटले ते तिथूनच. संहिता नाट्यगृहात पूर्ण होते असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. एखादी संहिता आपल्या मौनामुळे, आणि तेही प्रयोगात, उघडी पडू शकते याचे इतके नेमके उदाहरण मला नाट्यसमीक्षेत आढळलेले नाही.

हिवाळी परीक्षेत यातले काही आले नाही. पाइपलाइनवर एक प्रश्न होता, कॅशवर दोन, आणि तिने उत्तरे इंग्रजीतच लिहिली. पेपर निघाला, गुण बेताचे. आता पुढच्या सत्राचे ऑपरेटिंग सिस्टिमचे पुस्तक ती घेऊन येणार आहे. त्यात ‘सेमाफोर’ नावाचे काही आहे, ते रेल्वेवरून आले म्हणतात, असे तिने फोनवर सांगितले. गोंदिया ते चांदाफोर्ट नॅरोगेज गाडी धावत असतानाचा, हात खाली पाडणारा सिग्नल तिने पाहिलेला नाही. तो मला कागदावर काढून दाखवावा लागेल.